त्वेरच्या मावशींना, चौलहून

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

प्लास्टर निघून आता दोन महिने होतील. मनगट वळतं, मूठ मिटते, नारळ खवताना तेवढी कळ येते. हात लिहिता झाला की पहिलं मोठं पत्र तुम्हाला, हे मी त्वेरच्या स्टेशनवर गाडीत बसतानाच ठरवलं होतं. रशियन मला येत नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे. तुमची नात फोन धरून जमेल तसं वाचून दाखवेल. माझं नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत. नाही लिहीत. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे, कारण अफानासीच्या गावात आमच्या चौलच्या बाईचं कोणी कसं केलं, हे इकडच्या लोकांना कळायला हवं.

तुम्हाला पाठ असलेली गोष्ट इथल्या वाचकांसाठी थोडी सांगते. साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियातल्या त्वेरचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी माल घेऊन व्होल्गा नदीने खाली निघाला. आस्त्राखानजवळ लुटला गेला. डोक्यावर देणं, हातात काही नाही, त्यामुळे घरी परतायला तोंड नव्हतं. तो पुढे पुढेच जात राहिला. इराण ओलांडून होर्मुझला आला आणि एका घोड्यासकट गलबतातून आमच्या चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची ही गोष्ट. चौलहून पाली, तिथून घाट चढून जुन्नर, मग बहामनी राज्याची राजधानी बिदर. काही वर्षं इकडे काढून तो दाभोळहून परत फिरला आणि त्वेरला पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याने लिहिलेली वही तेवढी मॉस्कोला पोहोचली.

रेवदंड्याला शाळेच्या आवारात 2002 पासून त्याच्या नावाचा काळा स्तंभ उभा आहे. मी भूगोल शिकवायचे, दरवर्षी मुलांना तो दाखवायला न्यायचे. मुलं विचारायची, बाई, ह्याचं गाव कसं आहे? नकाशावर बोट ठेवण्यापलीकडे मला काही सांगता येत नसे. निवृत्त झाले, गाठीला थोडे पैसे होते, म्हटलं आता बघूनच येऊ. घरच्यांनी सोबत घे, सोबत घे असं खूप केलं. पण हे गाव मला माझ्या चालीने बघायचं होतं, म्हणून एकटीच निघाले. पिशवीत त्या स्तंभाचा, त्यावरच्या मराठी अक्षरांचा एक मोठा फोटो घेतला होता. तोच फोटो तुम्ही बर्फातून उचलून स्वतःच्या कोटाला पुसलात.

मॉस्कोहून गाडीने दोन तासांच्या आत त्वेर येतं. मी दुपारी पोहोचले. फेब्रुवारीचा शेवट होता. दिवसा ऊन पडून बर्फाचं पाणी होत होतं आणि ऊन कललं की त्याच पाण्याची काच. हे मला ठाऊक नव्हतं. मी वर भुरभुरलेलं पांढरं बघत होते, त्याच्याखाली काय आहे ते कळत नव्हतं. पूल ओलांडून पलीकडच्या काठावर आले आणि अफानासी दिसला. 1955 साली बसवलेला तो पुतळा, खाली नावेच्या आकाराचा चौथरा, नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, घोड्याचं डोकं. फोटोत किती वेळा पाहिला होता, तरी पाय थबकले. चौलला उतरताना त्याच्याजवळ होतं काय, तो एक घोडा. स्वतःच लिहून ठेवलंय की त्याला शंभर रूबल पडले. शिल्पकारांनी नाळेला घोडाच का लावला, ते मला तिथे उभं राहिल्यावर उमगलं असं वाटलं. ते डोकं समोरून, नदीच्या बाजूने बघायचं म्हणून मी खाली उतरायला गेले.

कशी पडले ते आठवत नाही. उजवा हात पुढे टेकला आणि मनगटात कडकन आवाज झाला, तो आठवतो. गोठलेल्या व्होल्गेवर भोकं पाडून मासे धरत बसलेले दोघे धावत आले. आणि वरून तुम्ही, हातात दुकानाची पिशवी, काहीतरी मोठ्याने बोलत उतरलात. तुमचं वय अठ्ठ्याहत्तर, हे मला नंतर कळलं. त्या बर्फावरून तुम्ही ज्या सराईतपणे, छोटी छोटी पावलं टाकत आलात, ते बघून मी तुम्हाला साठीची समजले होते.

तुम्ही माझ्या हाताला हात लावला नाहीत, हे मला आधी लक्षात आलं. दुसऱ्या कोणी ओढून उठवलं असतं. तुम्ही आधी चेहरा पाहिलात, बोटं हलतात का ते खुणेने विचारलंत, मग डोक्यावरची लोकरीची शाल सोडून तिची झोळी केलीत आणि माझा हात गळ्यात बांधलात. स्वतःचं डोकं उघडं. त्या थंडीत.

मग दवाखाना. हाडं मोडलेल्यांसाठी तुमच्याकडे वेगळी जागाच असते, त्राव्मपुंक्त म्हणतात. त्या दिवसांत तिथे केवढी गर्दी! सगळे माझ्यासारखे बर्फावर पडलेले. दारातच बुटांवर चढवायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, बाखिली. मला वाकता येईना, तर तुम्ही गुडघ्यावर बसून माझ्या बुटांना त्या चढवल्यात. मावशी, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठ्या बाईने माझ्या पायांना हात लावला, आणि मला तुमच्या भाषेत 'नको' म्हणतासुद्धा येत नव्हतं. आत गेल्यावर तुम्ही मोठ्याने विचारलंत, शेवटचं कोण? एका म्हाताऱ्याने हात वर केला. झालं, आपला नंबर त्याच्यामागे. ओळीत उभं राहायची गरज नाही. आमच्याकडे रेशनच्या दुकानात पूर्वी असंच चालायचं, पिशवी ठेवून 'माझा नंबर धरा हं' असं सांगून जायचं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज भरायला घेतला. आडनाव, नाव, आणि मग तिसरा शब्द, ओत्चेस्त्वा. त्यांनी पेन थांबवलं. परदेशी लोकांकडे ते नसतं, तिथे आडवी रेघ मारायची अशी त्यांची सवय असावी. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, पापा? मी वडिलांचं नाव सांगितलं, आणि पासपोर्टात माझ्या नावापुढे तेच लिहिलेलं आहे, ते दाखवलं. आम्हा मराठी लोकांचं असंच असतं, स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटापासून लग्नपत्रिकेपर्यंत. महाराष्ट्र सोडला की आपल्याच देशात कितीतरी ठिकाणी अर्जातला तो मधला रकाना कशाला, असं विचारतात, आणि इथे त्वेरच्या दवाखान्यात तो रकाना माझी वाट बघत होता. खिडकीतल्या बाईंनी नाव अक्षर अक्षर विचारून लिहून घेतलं. तुम्ही त्याला 'ओव्ना' जोडून मोठ्याने हाक मारून पाहिलीत. माझे वडील जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्यांच्या नावाने मला कोणी हाक मारेल, तीही रशियात, हे कुठे मनात होतं!

निकितिन हे त्याचं आडनाव नव्हे, 'निकिताचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ, हे तुम्ही मला तिथे त्या बाकावर सांगितलंत. फोनवर भाषांतर उमटलं ते मी तीनदा वाचलं. एवढी वर्षं मुलांना मी आडनाव म्हणूनच शिकवत आले होते.

वाट बघता बघता तो स्तंभाचा फोटो बाकावर हातोहात फिरला. घोटा सुजलेली एक मुलगी, कपाळाला टाके पडलेले एक गृहस्थ, सगळ्यांनी तो पाहिला. मराठी अक्षरांवर बोट फिरवून एकाने विचारलं, हे आमच्या अफानासीबद्दल आहे? तुम्ही त्याला जे उत्तर दिलंत ते मला शब्दशः कळलं नाही. तुमचा आवाज कळला, घरच्या पाहुण्याची ओळख करून देतानाचा.

हाड मोडलं होतं, पण सरकलं नव्हतं. तरुण डॉक्टरने गिप्स, म्हणजे प्लास्टर, घातलं. पैसे कोणी मागितले नाहीत. औषधाच्या दुकानात माझं कार्ड चालणार नव्हतं, आपली कार्डं तिथे चालतच नाहीत, आणि माझ्याकडे होती पाच हजार रूबलची नोट. सुटे नाहीत अशी दुकानदाराने मान हलवली. तुम्ही तुमचं कार्ड पुढे केलंत आणि मी नंतर दिलेले पैसे तुम्ही ज्या नजरेने परत केलेत, त्यानंतर मी पुन्हा विषय काढला नाही. माझी राहायची जागा नदीच्या अलीकडे होती. तुम्ही काही न विचारता मला पलीकडे, तुमच्या घरी नेलंत. पाच मजली इमारत, लिफ्ट नाही, तुम्ही चौथ्या मजल्यावर. दर मजल्याला तुम्ही थांबायचात, धाप मला लागली म्हणून.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते.

मास्लेनित्साचा आठवडा होता. तुमच्या मोठ्या उपवासाआधीचा, ब्लिनी करायचा. गोल, पातळ, जाळीदार, आमच्या घावनांची बहीणच. फक्त पीठ तांदळाचं नाही. तुम्ही तव्यावरून एकेक काढून चळत लावलीत, वाटीत घट्ट आंबट साय, स्मेताना, आणि बेरीचा मुरंबा. मला भूक सणकून लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. माझा उजवा हात गळ्यात. तुम्ही डाव्या हाताशी काटा ठेवलात. मी तो उचलला, आणि थांबले.

मी काही सोवळ्याओवळ्याची बाई नाही. पण लहानपणी डावा हात ताटाला लागला की आईची चापट बसायची, आणि ती चापट अंगात कुठेतरी मुरलेली आहे. उचलला हात तोंडाकडे जाईना. मी हसून काटा खाली ठेवला, जरा वेळाने खाते अशी खूण केली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग उठून कपाटातून एक जुनं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं पुस्तक काढलंत, अफानासीच्या वहीची छापील प्रत. पानं उलटलीत, एका ओळीवर बोट ठेवलंत, फोन त्यावर धरलात. त्याने आमच्याबद्दल लिहून ठेवलं होतं: हे लोक सगळं उजव्या हाताने खातात, डावा कशालाही लावत नाहीत, सुरी ठेवत नाहीत, चमचा यांना माहीत नाही.

तुम्ही पुस्तक मिटलंत. हात धुऊन आलात. एक ब्लिन घेऊन त्याची चौघडी केलीत, स्मेतानात बुडवलीत, आणि तुमच्या उजव्या हाताने माझ्या तोंडाशी धरलीत.

मावशी, मी एकसष्ट वर्षांची आहे. आई गेल्यापासून मला कोणी घास भरवला नव्हता. मी रडले ते हाताच्या दुखण्याने असं तुम्हाला वाटलं असेल, म्हणून सांगते, तेव्हा हात दुखत नव्हता. इंजेक्शनचा असर होता.

बहुतेक माणसं दया दाखवतात तेव्हा स्वतःला जे बरं वाटतं ते देतात. मीही तसंच करत आले आहे. तुम्ही थांबलात, मला काय अडतंय ते शोधलंत, आणि ते शोधायला साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या तुमच्या गावकऱ्याला विचारायला गेलात. तो आमच्या पंगतीकडे टक लावून बघत बसला असेल, कुठला हात, किती बोटं, आणि रात्री लिहून काढलं असेल. ते लिहिणं तुमच्या स्वयंपाकघरात माझ्या उपयोगी पडलं.

नंतर आपण किती बोललो! फोन गरम होईपर्यंत. तुम्ही सुताच्या गिरणीत, प्रोलेतार्कात, बत्तीस वर्षं काढलीत असं सांगितलंत. माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते हे कळल्यावर तुम्ही दोन्ही हात कानांवर ठेवलेत, मागांचा आवाज! त्यांनाही शेवटी शेवटी ऐकू कमी येत असे. तुम्ही म्हणालात, मी जन्मले कालिनिनमध्ये, लग्न केलं कालिनिनमध्ये, म्हातारी झाले त्वेरमध्ये, आणि घर एकदाही बदललं नाही. (वाचकांसाठी: 1931 ते 1990 त्वेरचं नाव कालिनिन होतं. अफानासीचा पुतळा बसला तेव्हाही.) तुमच्या आईने 1941 चे ते दोन महिने, शहर जर्मनांच्या ताब्यात असतानाचे, तळघरात काढले होते. 16 डिसेंबरला शहर सुटलं, ती तारीख सांगताना तुम्ही उभ्या राहिलात.

आणि जुन्नर. तुम्हाला जुन्नरचं फार वाईट वाटतं, हे मला तुमच्या बोलण्यातून जाणवलं. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, चार दिवसांत सांग, असं धमकावलं. परक्या मुलखात एकटा माणूस, लुटारूंनी धर्माची पुस्तकंसुद्धा नेलेली, आपला ईस्टर नेमका कधी हेही त्याला अंदाजाने काढावं लागत होतं. तेव्हा खुरासानचा खोजा मुहम्मद नावाचा एक मुसलमान गृहस्थ आला, खानाकडे जाऊन त्याने रदबदली केली, घोडाही सोडवून आणला. तुम्ही मला विचारलंत, आमच्या अफानासीला तुमच्याकडे कोणी जेवू घातलं का गं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग बिदरची गोष्ट आठवली. तिथल्या हिंदूंशी त्याची ओळख वाढली, आपण कोण, आपला धर्म कुठला, हे त्याने त्यांना खरं खरं सांगितलं, आणि त्यांनीही त्याच्यापासून काही लपवलं नाही. जेवू घातलं की नाही ते लिहिलेलं नाही, पण मी तुम्हाला म्हटलं, इतकं बोलणं आमच्याकडे रिकाम्या पोटी होत नाही.

दुसऱ्या दिवशी खिचडी. इकडे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, साखर-लोणी घालून, असं अफानासीने लिहिलंय, आणि ती खिचडी म्हणजे नक्की काय हे तुम्हाला आयुष्यभराचं कोडं होतं. मी बसून सांगितलं, तुम्ही केलीत. मुगाची डाळ नव्हती, सुक्या वाटाण्याची घेतली. हळद तुमच्याकडे होती. वरून तूप नाही तर लोणी. आणि मी नको नको म्हणत असताना तुम्ही स्वतःच्या वाटीत चमचाभर साखर घातलीत, पुस्तकात आहे तशी, आणि मान डोलावून पूर्ण वाटी संपवलीत.

दुपारी तुम्ही मला कॅथरीनच्या काळातल्या त्या प्रवासी राजवाड्यात नेलंत, जिथे आता चित्रं आहेत. पीटर्सबर्ग ते मॉस्को वाटेवर राजघराण्याने उतरायची जागा. 1763 च्या आगीत शहर जळाल्यावर बांधलेला. चित्रं सुंदर होती, पण मला लक्षात राहिलं ते तुम्ही एका दालनात थांबून सांगितलेलं. 1811 मध्ये करमझिनने आपल्या इतिहासाची पानं झार पहिल्या अलेक्झांडरला इथे त्वेरमध्ये वाचून दाखवली, आणि मठाच्या संग्रहात विसरून गेलेली अफानासीची वही शोधून काढणारा तोच करमझिन. तुम्ही ते सांगितलंत आणि माझ्या झोळीची गाठ पुन्हा घट्ट केलीत. दिवसभरात ती तुम्ही किती वेळा घट्ट केलीत, मोजलं नाही.

स्टेशनवर तुम्ही मला चार ब्लिनी कागदात गुंडाळून दिल्यात. गाडीत समोर एक शाळकरी मुलगा होता. मी डाव्या हाताने खाल्ल्या. जमलं.

शाल तुम्ही परत घेतली नाहीत. ती आमच्या दमट हवेत वापरता येत नाही, म्हणून डांबराच्या गोळ्या घालून आईच्या पेटीत ठेवली आहे. स्तंभाचा फोटो तुमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी लावलेला नातीने पाठवलेल्या व्हिडिओत दिसला. थोडा तिरका झालाय, तसाच राहू द्या.

तुम्ही एक काम सांगितलं होतंत. त्याने लिहिलंय की या मुलखात चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल असतो, आणि तो या दिवसांना हिवाळा म्हणतो. हे खरं आहे का, असं तुम्ही विचारलंत, आणि मी सांगून तुमचा विश्वास बसला नाही. श्रावणात मी जुन्नरला जाणार आहे, तिथलं दाखवीन. तोवर चौलचं बघा. काल दुपारी पाऊस लागला तो अजून थांबलेला नाही. वाडीत घोटाभर पाणी आहे, विहीर काठोकाठ आली आहे, ओटीच्या पायरीपर्यंत लाल चिखल. व्हिडिओ सोबत पाठवते आहे. आवाज मोठा करून ऐका. धो धो आहे तो पन्हळीचा, आणि मधे मधे ऐकू येतात ते बेडूक.

तुमची,
वडिलांच्या नावाने हाक मारलेली
चौलची भाची